मेलमधल्या पट्ट्या, बिलं, फोटो : सगळं एकदम सेव्ह कसं करायचं?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, मेलला जोडून आलेल्या फाइली प्रोग्राम लावून एकदम कशा काढायच्या. म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय. एक गोष्ट सगळ्यांनाच आधी सांगतो, कारण खालच्या सगळ्या उत्तरांना ती लागू आहे : प्रोग्राम कुणीही लिहिलेला असो, त्याने मेलबॉक्समधून फक्त वाचायचं. पुसणं, हलवणं, शिक्के मारणं त्याच्या हातात द्यायचंच नाही.

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. माल वाशीला आणि पुण्याला जातो, दोन्हीकडचे दलाल पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) पीडीएफ करून मेलवर पाठवतात. सीझनमधे रोजच्या रोज मेल. आधी सासरे सगळं वहीत लिहायचे, आता हिशोब माझ्याकडे आलाय. चार-पाच सीझनच्या पट्ट्या मेलमधे पडून आहेत, मी एकेक उघडून डाउनलोड करत बसते, त्यात निम्म्या फाइलींचं नाव नुसतं 'पट्टी', त्यामुळे कुठली कधीची काही कळत नाही. भाचा पायथॉन शिकलाय, तो म्हणतो मावशी मी प्रोग्राम लिहून देतो. त्याला नेमकं काय सांगू?
— एक बागायतदार ताई, देवगड

उत्तर : ताई, भाच्याला नक्की लिहू द्या. काम त्याच्या आवाक्यातलं आहे आणि पायथॉनमधे यासाठी लागणारं जवळपास सगळं आधीपासूनच असतं, सर्व्हरशी बोलायला इमॅपलिब आणि आलेला मेल उलगडायला ईमेल नावाचं मोड्यूल, वेगळं काही विकत घ्यायला नको. पण मेलमधे फाइल असते कशी हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं, म्हणजे त्याने केलेलं काम तुम्हाला तपासता येईल.

मेल हा मुळात साधा मजकूर पाठवायचा प्रकार. त्यात फोटो नि पीडीएफ बसवायची रीत माइम या नावाने १९९२ मधे आली, नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी ती मांडली, आणि तुमच्या दलालाची पट्टी आजही त्याच रीतीने येते. मेलचे तुकडे पाडलेले असतात, एक मजकुराचा, एक फाइलचा, कधी एकाच्या पोटात दुसरा, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की हा कसला आहे आणि नाव काय. फाइल जशीच्या तशी नसते, तिच्या दर तीन बाइटची चार साधी अक्षरं केलेली असतात, त्याला बेस-६४ म्हणतात, म्हणून तीन एमबीची फाइल मेलमधे चार एमबीच्या वर जागा खाते. प्रोग्रामने करायचं ते एवढंच की तुकडे एकेक बघायचे, हवा तो उचलायचा, बेस-६४ उलटं करायचं आणि डिस्कवर लिहायचं. हे दहा-पंधरा ओळींत होतं. पुढे जे सांगतोय ते मात्र त्या दहा-पंधरा ओळींत सहसा नसतं आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी लॉगिन. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड प्रोग्रामला चालत नाही, पर्सनल अकाउंटसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद झाली, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून केलं तर एररच येणार. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग गूगल अकाउंटच्या सेटिंगमधून अॅप पासवर्ड काढायचा, सोळा अक्षरांचा मिळतो, तो वापरायचा. आणि तो कोडमधे लिहून ठेवायचा नाही, कारण उद्या भाचा तोच कोड मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवेल आणि त्याच्याबरोबर तुमच्या मेलबॉक्सची चावी जाईल. पासवर्ड एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमधे ठेवायला सांगा, त्याला कळेल. काम झालं की तो अॅप पासवर्ड रद्द करून टाका, हवा तेव्हा नवा काढता येतो.

मग मेलबॉक्स उघडताना 'रीडओन्ली' ट्रू, आणि मेल मागवताना 'बॉडी डॉट पीक'. हे दोन्ही आहे ना, एवढं त्याला स्पष्ट विचारा. साध्या पद्धतीने मेल मागवला की सर्व्हर त्यावर 'वाचला' असा शिक्का मारतो, आणि मग न वाचलेले मेल जे ठळक दिसतात ते सगळे एका फटक्यात साधे होतात, कालची पट्टी बघायची राहिलीय हे तुम्हाला कळणारच नाही.

कुठले मेल घ्यायचे ते ठरवायला जीमेलच्या सर्चचाच उपयोग करा. ब्राउझरमधे सर्चच्या पट्टीत 'फ्रॉम' कोलन दलालाचा पत्ता, 'हॅज' कोलन अटॅचमेंट, 'आफ्टर' कोलन तारीख असं इंग्रजीत टाइप करून बघा, हवे ते मेल येतायत का ते डोळ्यांनी खात्री करा, आणि तेच वाक्य जसंच्या तसं प्रोग्राममधून सर्व्हरला देता येतं, जीमेलच्या इमॅपमधे (प्रोग्राम सर्व्हरशी बोलतो ती रीत) त्यासाठी एक्स-जीएम-रॉ नावाची खास सोय आहे. शोधायचं मात्र 'ऑल मेल' या फोल्डरमधे, कारण जीमेलमधे एका मेलला तीन लेबलं असली की तो तीन फोल्डरमधे दिसतो आणि तीच पट्टी तीनदा खाली येते.

आता नावाचा प्रश्न, तुमचं खरं दुखणं. पायथॉनमधे फाइल लिहायला सगळे 'डब्ल्यूबी' मोड वापरतात आणि तो मोड त्याच नावाची जुनी फाइल असली तर न विचारता पुसून त्यावर नवी लिहितो. म्हणजे पाचशे पट्ट्या 'पट्टी' नावाने सेव्ह केल्या की शेवटी फोल्डरमधे एकच फाइल उरते, शेवटची, आणि प्रोग्राम मात्र सांगतो सगळं नीट झालं. त्याला 'एक्सबी' वापरायला सांगा, तो मोड आधीची फाइल असली तर थांबतो. आणि नावच असं द्या की टक्कर होणार नाही : आधी वर्ष-महिना-दिवस, मग बाजार, मग मूळ नाव, मग मेलचा यूआयडी (सर्व्हरने त्या मेलला दिलेला क्रमांक), म्हणजे '२०२५-०४-१८_वाशी_पट्टी_४४१२' असं काहीतरी. वर्ष पुढे ठेवलं की फोल्डरमधे आपोआप तारीखवार लागतात.

तारखेबद्दल जरा थांबून सांगतो. मेलमधली तारीख बऱ्याचदा यूटीसीमधे (जगाच्या प्रमाण वेळेत) असते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. बाजारातला हिशोब उरकून दलाल रात्री उशिरा मेल टाकतो, तो १ एप्रिलच्या पहाटे दोनला आलेला असला तर यूटीसीप्रमाणे अजून ३१ मार्चची रात्र साडेआठ असते, आणि पट्टी गेली मागच्या आर्थिक वर्षात. हापूसच्या सीझनच्या मधेच मार्च संपून एप्रिल लागतो, त्यामुळे तुम्हाला हे लागणारच. आधी भारतीय वेळेत बदलायचं आणि मग नाव द्यायचं.

पट्टी पीडीएफच असते तर फक्त पीडीएफ घ्या, नाहीतर सहीखालचे लोगो वगैरे 'इमेज००१' नावाने शेकड्याने जमा होतात. पण पीडीएफ ओळखायची कशी हे नीट ठरवा. काही मेल अॅप पीडीएफलाही 'अटॅचमेंट' न म्हणता 'इनलाइन' म्हणतात, काही तिचा प्रकार पीडीएफ न लिहिता नुसतं 'ऑक्टेट-स्ट्रीम' लिहितात, म्हणजे डोक्यावरच्या पाटीवर विसंबून राहिलं तर थोड्या पट्ट्या सुटतात आणि कुठल्या सुटल्या ते कळत नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे उलगडल्यावर फाइलची पहिली अक्षरं बघायची, पीडीएफ असली तर टक्क्याची खूण आणि लगेच इंग्रजीत पीडीएफ अशी सुरुवात असते.

लाइट जाणार हे धरूनच लिहायला सांगा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं, म्हणजे मधेच लाइट गेली तरी अर्धवट पट्टी खऱ्या नावाने पडून राहत नाही. कुठल्या यूआयडीपर्यंत आलो ते टिपून ठेवायचं, परत चालू केला की तिथूनच पुढे.

शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्रोग्रामने फाइलींबरोबर एक यादी पण बनवायला हवी, एक्सेलमधे उघडेल अशी सीएसव्ही, त्यात प्रत्येक मेलची एक ओळ : तारीख, कुणाकडून, विषय, सेव्ह केलेलं नाव, साइज आणि फाइलचा शा-२५६ हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा फाइलचा ठसा). ज्या मेलमधे काही सापडलं नाही त्याचीसुद्धा ओळ हवी, 'काही नाही' असं लिहून. हॅश सारखा आला म्हणजे तीच पट्टी दलालाने दोनदा पाठवलीय, ती हिशोबात दोनदा धरायची नाही. आणि मग सासऱ्यांची वही घेऊन बसा. कुठल्या दिवशी किती पेट्या कुठल्या गाडीने गेल्या हे वहीत असणार, त्या प्रत्येक नोंदीसमोर पट्टी आहे का बघा. जिथे पट्टी नाही तिथे दोनच शक्यता, एक तर प्रोग्रामला सापडली नाही किंवा दलालाने पाठवलीच नाही, आणि दुसरी असली तर त्या पेट्यांचे पैसे आले का ते विचारायला तुमच्या हातात तारखेसकट कागद आहे. एवढी सगळी खटपट त्यासाठीच करायची, वही टाकू नका.

प्रश्न : गुहागरला आमचा होमस्टे आहे, सहा खोल्या. बुकिंग झालं की पाहुणे आधार कार्डाचे फोटो मेलवर पाठवतात. मला प्रोग्रामिंग येत नाही. ते फोटो आपोआप गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधे जातील असं काही करता येईल का?
— गुहागर

उत्तर : येईल, गूगलचं अॅप्स स्क्रिप्ट वापरून. ते ब्राउझरमधे लिहायचं आणि चालतं गूगलच्या सर्व्हरवर, त्यामुळे कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज नाही. जीमेलमधे फिल्टर लावून अशा मेलना 'ओळखपत्र' असं लेबल द्यायचं, स्क्रिप्ट ते लेबल शोधते, अटॅचमेंट घेते, ड्राइव्हमधे ठेवते, आणि टाइम ट्रिगर लावला की दर तासाला आपणहून चालते. गावात कुणी बीएससी-आयटीवाला मुलगा असेल तर संध्याकाळभराचं काम. एका वेळेला साधारण सहा मिनिटांपेक्षा जास्त स्क्रिप्ट चालू देत नाहीत, तुमच्या सहा खोल्यांना ते पुरून उरेल.

पण दादा, मी म्हणेन हे करू नका. म्हणजे असं करू नका. लोकांची आधार कार्डं एका फोल्डरमधे वर्षानुवर्षं साठत जाणार, त्या फोल्डरची लिंक चुकून कुणाला शेअर झाली किंवा तुमचा मोबाइल कुणाच्या हातात गेला तर ते शेकडो घरांचे कागद आहेत. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मधे झालाय, आणि कायदा नसता तरी विश्वासाने दिलेली वस्तू ती. पाहुण्यांना मास्क्ड आधार पाठवायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून कुणालाही काढता येतं, किंवा लायसन्स चालेल म्हणून सांगा. तुमच्या पोलीस स्टेशनला रजिस्टरची माहिती कुठल्या स्वरूपात नि किती काळ ठेवलेली लागते ते एकदा जाऊन विचारून घ्या आणि तेवढंच ठेवा. त्यानंतर स्क्रिप्ट करायचीच असेल तर तिच्यात तेवढे दिवस झाले की फाइल काढून टाकायची ओळ पण पहिल्या दिवसापासून घाला. फोल्डर 'फक्त मी' वर.

प्रश्न : काकानु, मी मालवणचो, माका पायथॉन थोडा थोडा येता. ग्रामपंचायतीतल्या एकांका मदत म्हणान मेलमधले अर्ज काढूचो प्रोग्राम लिवलय. इंग्रजी नावाच्यो फाइली बरोबर येतत, पण मराठी नाव असला काय नावाच्या जाग्यार बरोबरची खूण, प्रश्नचिन्हा, यूटीएफ-८ आणि मगे नुसती इंग्रजी अक्षरा. फाइल उघडता बरोबर. नावाचा काय करू?
— एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : बाळा, फाइल बरोबर उघडतेय म्हणजे तुझा बाकीचा प्रोग्राम ठीक आहे. मेलच्या डोक्यावरच्या भागात जुन्या नियमाप्रमाणे फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालायची, म्हणून मराठी नावाला तिथे वेश बदलून जावं लागतं. तुला जे दिसतंय तो एक वेश, आरएफसी २०४७ चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद). दुसरा आरएफसी २२३१ चा, त्यात टक्क्याच्या खुणा दिसतात. काही मेल अॅप पहिला वापरतात काही दुसरा, तुला दोन्ही येणार.

तू बहुतेक मेल उलगडताना पॉलिसी (मेल कुठल्या नियमांनी वाचायचा ते) दिलेली नाहीस. पायथॉनचं 'मेसेज फ्रॉम बाइट्स' काही सांगितलं नाही तर कॉम्पॅट-३२ नावाची जुनी पॉलिसी धरतं आणि ती पहिल्या प्रकारचं नाव सोडवत नाही, आहे तसं हातात देते. कॉल करताना पॉलिसी म्हणून 'पॉलिसी डॉट डिफॉल्ट' दे, मग 'गेट फाइलनेम' दोन्ही प्रकार सोडवून सरळ मराठी नाव देईल. नाव डिफॉल्ट असलं तरी ते आपोआप लागत नाही, द्यावं लागतं, बरेच जण इथेच अडकतात.

हे झालं की लगेच दुसरी अडचण येईल ती आत्ताच सांगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे लिहायची रीत) तीन बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजून. 'ग्रामपंचायत' घे : ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त. अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. लिनक्सवर एका फाइलनावाला २५५ बाइटची मर्यादा असते म्हणजे मराठीत फक्त ८५ चिन्हं, आणि लोक फाइलला नाव देताना अख्खा विषय लिहितात, 'घरपट्टी आकारणीबाबत हरकत नोंदवणेबाबत विनंती अर्ज दुसरी प्रत' वगैरे, आणि त्यात तू पुढे तारीख जोडणार. तुझ्या विंडोजवर २५५ बाइटच्या वर गेलेलं मराठी नावही चालेल कारण तिथे बाइट नाही तर चिन्हं मोजतात, पण प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर नेलास की एरर येईल आणि तुला कारण सापडणार नाही. नाव कापायचंच तर बाइट मोजून काप, पण कापताना चिन्हाच्या मधे कापू नको, आणि एक्स्टेन्शन आधी बाजूला काढून शेवटी परत जोड.

विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा वगैरे चालत नाहीत, अर्जाचं नाव '१२/०४ चा अर्ज' असलं की अडकलं, तिथे डॅश टाक. आणि आलेल्या नावावर कधीच विश्वास ठेवू नको, कुणी मुद्दाम नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून पाठवलं तर तुझा प्रोग्राम वरच्या फोल्डरमधे जाऊन भलत्याच फाइलवर लिहू शकतो. पाथमधलं फक्त शेवटचं नाव घे, मग स्वच्छ कर, मग सेव्ह कर. मूळ नाव जसं आलं तसं यादीत लिहून ठेव, पंचायतीचं काम आहे, कुणी विचारलं तर अर्जदाराने दिलेलं नाव दाखवता आलं पाहिजे.

आणखी एक, कुणीतरी अर्जाचा मेल दुसऱ्या मेलला अटॅच करून पुढे पाठवतो. 'इटर अटॅचमेंट्स' वरवरचेच तुकडे देतं, त्या पोटातल्या मेलमधे शिरत नाही. 'वॉक' शिरतं. अर्ज सुटायला नको असेल तर वॉक वापर.

प्रश्न : चिपळूणला आमचं हार्डवेअरचं दुकान. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातल्या सगळ्या फायली गेल्या, कंपन्यांची जी बिलं मेलवर आलेली तेवढीच वाचली. ती आता कायमची काढून ठेवायचीत. मेलचे पंधरा जीबी भरत आलेत, त्यामुळे सेव्ह करून झालं की अटॅचमेंट मेलमधून उडवून जागा करू का? आणि पासवर्ड मागणाऱ्या पीडीएफचं काय?
— चिपळूण

उत्तर : तुमच्याकडे काही जीबींचा माल असेल तर इमॅपच्या नादी लागू नका, जीमेल दिवसाला साधारण २,५०० एमबीच इमॅपवरून उतरवू देतं, त्यापुढे गेलात की काही वेळ अकाउंट अडवतात. गूगल टेकआउटमधे (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) जा, जीमेल तेवढंच निवडा, हवं तर फक्त बिलांचं लेबल निवडा, आणि एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकत्र असलेली) मागवा. काही तासांत लिंक येते, ती उतरवून घ्यायची. मग पायथॉनचं मेलबॉक्स मोड्यूल त्या फाइलवर चालतं, इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही, प्रोग्राम चुकला तरी खऱ्या मेलला धक्का नाही. खरं सांगायचं तर जुना साठा काढायला मला हीच पद्धत सगळ्यात सेफ वाटते. वरच्या देवगडच्या ताईंना नाव, तारीख आणि यादीबद्दल सांगितलंय ते सगळं इथेही लागू.

मेलमधून अटॅचमेंट उडवू नका. जीमेलमधे मेल ठेवून फक्त अटॅचमेंट काढायचं बटनच नाही. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधून करता येतं, पण आत काय होतं तर अटॅचमेंटशिवायचा नवा मेल तयार होऊन तिथे ठेवला जातो आणि जुना डिलीट. तो मेल मग कंपनीने पाठवलेला मूळ मेल राहत नाही, पाठवणाऱ्या सर्व्हरची सही त्याच्यावर असते ती पण जुळत नाही. बिल कुणाकडून कधी आलं हा वाद झाला तर पीडीएफपेक्षा त्या पूर्ण मेलला जास्त वजन आहे. जीएसटीच्या कायद्यात कलम ३६ प्रमाणे हिशोबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवायचे असतात, केस चालू असेल तर त्याहून जास्त, म्हणजे ही घाई तुम्हाला परवडणारी नाही. जागा करायचीच तर सर्चमधे 'लार्जर' कोलन १०एम टाका, मोठे मेल समोर येतील, त्यात लग्नाचे फोटो नि कॅटलॉगच निघतात बहुतेक, ते बघून बघून काढा.

एमबॉक्स फाइलच्या दोन कॉपी करा. एक दुकानात वरच्या मजल्यावर, आणि दुसरी चिपळूणच्या बाहेर, मुंबईला भाऊ असेल, रत्नागिरीला मुलगी असेल, त्यांच्या घरी. वाशिष्ठीचं पाणी दोन्ही ठिकाणी एकदम जात नाही. वर्षातून एकदा ती ड्राइव्ह लावून दोन-चार बिलं उघडून बघायची.

पासवर्डवाल्या पीडीएफ : क्यूपीडीएफ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, पासवर्ड माहीत असला की तो काढून साधी कॉपी करून देतो. कॉपी वापरायला घ्या, मूळची तशीच ठेवा. डिजिटल सही असलेल्या बिलांना तर अजिबात हात लावायचा नाही, कॉम्प्रेस करणं, दोन पीडीएफ जोडणं, परत प्रिंट टू पीडीएफ करणं, यातलं काहीही केलं की सही बाद. आणि काही कंपन्या बिल न जोडता ड्राइव्हची नाहीतर त्यांच्या पोर्टलची नुसती लिंक पाठवतात, ती प्रोग्रामला अटॅचमेंट म्हणून दिसणारच नाही. यादीत ज्या मेलसमोर 'काही नाही' आलंय ते म्हणूनच एकदा डोळ्याखालून घाला, लिंक अजून चालू आहेत तोवर हाताने उतरवून घ्या.

प्रश्न : वेंगुर्ल्यात काजूची फॅक्टरी आहे. एका खरेदीदाराच्या मेलमधे कायम 'विनमेल डॉट डॅट' अशी फाइल येते, ती उघडत नाही. तो म्हणतो मी एक्सेल पाठवली.
— वेंगुर्ला

उत्तर : त्याने खरंच पाठवलीय. तो आउटलुक वापरतो आणि त्याचं आउटलुक मेल रिच टेक्स्टमधे पाठवतंय, त्यात अटॅचमेंट टीनेफ नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या गठ्ठ्यात बांधली जाते, इतर बऱ्याच मेल अॅपना तो सोडवता येत नाही. त्याला सांगा मेल फॉरमॅट एचटीएमएल कर, कायमचं मिटेल. आत्तापर्यंत आलेल्या फाइली टीनेफ नावाच्याच एका छोट्या फुकट प्रोग्रामने सोडवता येतात, आतून एक्सेल निघेल. डिलीट मारू नका.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीला मासळी एक्स्पोर्टच्या कामात आहोत. रोज ढीगभर अटॅचमेंट, आता ऑफिसमधल्या पोराने ऑटोमॅटिक सेव्ह करायचा प्रोग्राम लावलाय. व्हायरसवाली फाइल पण आपोआप सेव्ह झाली तर कॉम्प्युटर गेला का?
— रत्नागिरी

उत्तर : नुसती सेव्ह झाली म्हणून सहसा काही होत नाही, उघडली की होतं. धोका असा आहे की मेलमधे असताना माणूस पाठवणाऱ्याचं नाव बघतो, दोनदा विचार करतो, आणि तीच फाइल ऑफिसच्या शेअर फोल्डरमधे नीटनेटक्या नावाने पडली की ती आपलीच वाटते, कुणीही डबल क्लिक करतो. म्हणून प्रोग्रामला यादी द्या ती नको असलेल्यांची नाही, हव्या असलेल्यांची : पीडीएफ, एक्सेल, फोटो, बास. बाकी सगळं वेगळ्या फोल्डरमधे, जिथे एकच जबाबदार माणूस बघेल. झिप आपोआप उघडायची नाही. विंडोजमधे फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग आजच सगळ्या मशीनवर करून घ्या, ते लपलेलं असतं तेव्हा 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ' दिसते. एक्सेल उघडल्यावर मॅक्रो (फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) चालू करा म्हणाली तर करायचं नाही, शिपमेंटच्या कागदाला मॅक्रो लागत नाहीत.

तुमच्या धंद्यात मात्र व्हायरसपेक्षा मला दुसरीच भीती जास्त वाटते. ओळखीच्या पार्टीच्या नावाने मेल येतो, पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे, अटॅचमेंट अगदी साधी स्वच्छ पीडीएफ, त्यात व्हायरस वगैरे काही नाही, फक्त बँकेचा अकाउंट नंबर बदललेला. प्रोग्राम ती बिनबोभाट 'इनव्हॉइस' मधे टाकतो आणि अकाउंट्सवाला त्यावर पैसे पाठवून मोकळा. म्हणून फाइलच्या नावात पाठवणाऱ्याचा पूर्ण मेल पत्ता येऊ दे, नुसतं नाव नाही, आणि ठरलेल्या पत्त्यांच्या यादीत तो नसेल तर फाइल वेगळ्या फोल्डरमधेच जाऊ दे. अर्थात पार्टीचा खराच मेल कुणी हॅक केलेला असला तर पत्ता पण बरोबरच दिसणार. त्यामुळे अकाउंट नंबर बदललेला दिसला की पैसे पाठवायच्या आधी फोन, आणि तो मेलमधे किंवा त्या पीडीएफवर छापलेल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि त्याच वेळी बँकेलाही कळवा, पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवली जायची शक्यता असते. तो मूळ मेल डिलीट करू नका, पूर्ण हेडरसकट (मेल कुठून कसा आला ही डोक्यावरची माहिती) सेव्ह करून ठेवा, तक्रारीत तोच लागतो.